रजा तिची, भार कोणाचा?

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत सकाळी बसमधून उतरणाऱ्या तरुणींचे लोंढे पाहताना मला हिंगोलीचे दिवंगत खासदार राजीव सातव आठवतात. संसदेने २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे केली. पन्नास कर्मचाऱ्यांपासून पुढे पाळणाघरही सक्तीचे केले. मात्र कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये. इथल्या बहुतेक अभियंता स्त्रिया तिच्यापलीकडच्या. त्यांच्या रजेचा सारा भार मालकावर. साहजिकच स्त्रीला नेमणे महाग ठरते.

त्याच वर्षी सातव यांनी पितृत्व रजेचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. (१९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही.)

२०१९ मध्ये राज्यसभेत दोन अपत्यांच्या सक्तीचे विधेयक आले आणि २०२२ मध्ये मागे घेतले गेले. दरम्यान कर्नाटक व महाराष्ट्राचा जननदर, कोणत्याही सक्तीविना, १.७ वर आला होता. लोकसंख्येची चिंता वाहणाऱ्या खासदारांनी आता रजेच्या खर्चात सरकारचा वाटा मागावा. आणि किती आस्थापनांत पाळणाघरे खरोखर चालतात, हे विचारण्यास तर प्रश्नोत्तराचा तास पुरेसा आहे.