टस्कनीत टँकर

सुट्टीत घेतलेल्या व्हिलाचं डिपॉझिट अजून परत आलेलं नाही. मागच्या महिन्यात याच जागी डिपॉझिटपुराण लावलं, तेव्हा ‘तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात’ असं तिघाचौघांनी कळवलं होतं. त्यांच्यासाठी ही नोंद आधी. दहा हजार रुपये, आज आठवा दिवस, आणि ‘अकाउंट्सला सांगितलंय सर’ हा निरोप चौथ्यांदा.

आज मात्र विषय पाण्याचा आहे. उसासे टाकू नका. घरच्यांनीही टाकले होते. आईच्या पंच्याहत्तरीला सोळा जण जव्हारजवळच्या एका व्हिलात दोन रात्री राहायला निघालो, तेव्हा गाडीत बसायच्या आधीच मला बजावण्यात आलं: सूर्या नदीच्या पाण्याचा विषय काढायचा नाही. मी शब्द पाळला. बोईसर-चिल्हार रस्त्यावरचे खड्डे निमूट सोसले, विक्रमगड मागे पडलं, घाट चढलो, तरी मी गप्प. विषय दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता टँकरने काढला. रिव्हर्स घेताना वाजणारं ते किणकिण गाणं ऐकून आई म्हणाली, “अरे, बोईसरला आलो की काय परत?”

व्हिलाची जाहिरात ‘जव्हारचं टस्कनी’ अशी होती. पांढऱ्या भिंती, कमानी, निळं दार, कडेला लाल कौलं. निळं दार ग्रीसच्या बेटांवरचं, कमान स्पेनची आणि कौलं म्हणे इटलीची. ती कौलं माझ्या आजोबांच्या घरावरही होती, पण आजोबांना कुणी इटालियन म्हटल्याचं आठवत नाही. खाली मोठ्या अक्षरांत ‘भरपूर सूर्यप्रकाश’. लंडन-हॅम्बर्गच्या माणसाला ऊन विकत घ्यावं लागतं, तो घेतो. बोईसरच्या माणसाला मे महिन्यात ऊन विकणाऱ्याच्या धाडसाला मात्र दाद द्यायला हवी. प्रत्यक्षात त्या पांढऱ्या भिंतीच्या उत्तरेकडच्या अंगाला गेल्या पावसातलं शेवाळ वाळून काळं पडलं होतं. जव्हारला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. अशा ठिकाणी सपाट पांढरी भिंत बांधणाऱ्याने एक तर पावसाळा पाहिलेला नसतो, किंवा फोटो ऑक्टोबरातच काढायचे असं ठरवलेलं असतं.

पूल मात्र सुरेख होता. काठोकाठ भरलेला, पलीकडे दरी. आमच्या मेहुण्यांचा सहा वर्षांचा नातू त्यात दिवसभर पडून होता. संध्याकाळी त्याने व्हिला सांभाळणाऱ्या दादांना विचारलं, “काका, तुमच्या घराजवळपण पूल आहे?” ते म्हणाले, “नाही ना बाळा. किती वर्षं मागतोय. पावसात ओहोळ भरला की पोरांची शाळाच बंद.”

पोराला काही कळलं नाही. मला कळलं, आणि दिलेला शब्द तिथेच मोडला.

“दादा, हे पाणी कुठनं आणता?”

“खालच्या विहिरीवरनं, साहेब. टँकर भरून येतो तिथनं.”

“विहीर कुणाची?”

“मालकांची झाली आता.”

त्या ‘आता’वर मी दोन रात्री झोपलो नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. नागलीच्या भाकऱ्या आणि गावठी कोंबडी खाऊन उत्तम झोपलो. पण फीत काढून पूल मोजला. दहा मीटर लांब, चार रुंद, सरासरी सव्वा मीटरला थोडा कमी खोल. म्हणजे जवळपास ४८ हजार लिटर, दहा हजारी टँकर पाच. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर द्यायचं ठरवलं आहे. त्या हिशेबाने आमच्या मेहुण्यांचा नातू आठशे सत्तर माणसांच्या एका दिवसात डुंबत होता. बायको म्हणाली, पंच्याहत्तरीला आलोय की पाहणी दौऱ्यावर?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. याच आठवड्यात म्युनिकहून पुतणीचे फोटो आले. त्यांच्याकडे शाळांना या सुमारास दोन आठवडे सुट्टी असते. ती, नवरा आणि दोन पोरं स्पेनमधल्या आल्पुहारा नावाच्या डोंगराळ भागात घर भाड्याने घेऊन राहिली आहेत. ग्रानादा प्रांतात सिएरा नेवाडाचे डोंगर आहेत, साडेतीन हजार मीटरच्या घरात जाणारे, बर्फाचे. त्यांच्या दक्षिण उतारावर ही गावं चिकटलेली आहेत. म्हणजे आमच्या व्हिलाला जे व्हायचं होतं, ते अस्सल तिथे आहे. मी लगेच फोटो मोठे करून पाहिले. टस्कनी-बिस्कनी काही नाही. धाब्याची घरं! सपाट छप्पर, त्यावर करड्या चिकणमातीचा थर, खाली लाकडाच्या तुळया. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या माणसाला आपलं आजोळ वाटेल. पाऊस कमी म्हणून धाबं चालतं. आपल्या जव्हारच्या पाचव्या हिश्शाएवढा पाऊस तिथे कसाबसा पडत असेल.

“आणि पूल?” मी विचारलं.

“पूल असा नाही काका,” ती म्हणाली, “हौद आहे. मुलं त्यातच असतात.”

मी खुर्चीत ताठ बसलो. तो हौद शेतीचा आहे. तिथे त्याला आल्बेर्का म्हणतात. शब्द मूळ अरबी, मुसलमान राजवटीतला. वरच्या डोंगरातून पाट काढून आणलेलं पाणी या हौदात साठतं, पोरं त्यात उड्या मारतात, आणि पाळीच्या दिवशी हौदाचं बूच काढलं की तेच पाणी टोमॅटोला, बदामाला जातं. घरमालकिणीने फ्रिजवर कागद लावून ठेवला आहे: अमुक वारी सकाळी बूच काढलं जाईल, त्या दिवशी दुपारनंतर पोहा, आणि पाटाच्या दाराला हात लावू नका, पाणी शेजाऱ्याचं आहे.

पाणी शेजाऱ्याचं आहे! हे वाक्य भाड्याच्या घरात, पाहुण्यांसाठी लिहून लावलेलं. आमच्या टस्कनीत पाट्या तीन होत्या. ‘स्टॅग नॉट अलाउड’, ‘दहानंतर म्युझिक बंद’ आणि ‘पूलमध्ये नायलॉनचेच कपडे’.

केळवे-माहीमकडच्या वाचकांना आता हसू आलं असेल, कारण हौदात पोहायला त्यांना कुणी स्पेनहून शिकवायला नको. पानवाडीत, केळीच्या वाडीत इंजिनाच्या तोंडाशी हौद असायचा. मे महिन्यात मुंबईहून आलेली अख्खी भाचरं-पुतणी त्यात. आजी ओरडायची ती पोरं बुडतील म्हणून नाही, पाणी गढूळ करून पाटात माती घालतील म्हणून. इंजिन बंद झालं की पोहणं संपलं. पोहून झालेलं पाणी केळीच्या बुंध्याशी. आंघोळ आणि शेती एकाच पाण्यात. भूमध्यसागरी राहणी म्हणतात ती हीच असेल, तर ती आपल्याकडे हाफ चड्डीत होती. आपण हौद बुजवले, त्यावर रिसॉर्टच्या खोल्या बांधल्या, आणि आता क्लोरीनचं पाणी दरीच्या कडेला भरून त्याला युरोप म्हणतो. ते क्लोरीनचं पाणी बदलताना कुठे जातं, हे मी दादांना विचारलं नाही. पायरीखालचं गवत पाहून विचारायची गरज उरली नव्हती.

आल्पुहारातले पाट कुणी खणले, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ग्रानादाचं मुस्लीम राज्य १४९२ साली पडलं. पुढे १५६८ मध्ये या डोंगरातल्या धर्मांतरित मुसलमानांनी उठाव केला, तो चिरडला गेला आणि त्यांना हाकलून उत्तरेकडचे ख्रिस्ती लोक आणून वसवले. पण तिथे सांगतात ते असं की, प्रत्येक गावात एक-दोन जुनी कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली. का, तर पाटाचं पाणी कसं फिरवायचं हे नव्या लोकांना येत नव्हतं. राजा बदलला, धर्म बदलला, पाटकरी बदलता येईना. काही पाट तर असे आहेत की ते शेतात जातच नाहीत. बर्फ वितळायला लागलं की ते पाणी वरच्या माळावर मुद्दाम जिरवतात, म्हणजे उन्हाळ्यात खालचे झरे चालू राहतात. हे काम शेकडो वर्षं चालू आहे. आपल्याकडे पांझरा आणि मोसमच्या काठची फड पद्धत आठवा: बंधारा, पाट, पाळी, पाटकरी, आणि राखणीला जागल्या. तीच अक्कल. फरक इतकाच की त्यांची अजून भाड्याच्या घराच्या फ्रिजवर लावलेली असते.

तिथे सगळे संत आहेत असं नव्हे. त्याच डोंगररांगेपलीकडे, अल्मेरियाच्या किनाऱ्याला, तीस हजार हेक्टरांवर जमीन प्लास्टिकच्या ग्रीनहाउसांनी झाकली आहे आणि जमिनीखालचं पाणी उपसून उपसून खारं केलं आहे. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांचा त्रासही तिथल्यांना पुरेसा झाला आहे. बार्सिलोनाने तर अशा फ्लॅटांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचं ठरवलंय. पण निदान मोजदाद आहे. १ जुलै २०२५ पासून स्पेनमध्ये असं थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायचं घर ऑनलाइन टाकायचं तर नोंदणी क्रमांक लागतो. आपल्याकडे न्याहरी-निवास योजनेत नोंदणी करायची सोय आहे, आणि ती करणारी साधी घरंही आहेत. करत नाहीत ते हे टस्कनीवाले, असा माझा दाट संशय. पुरावा म्हणाल तर आमच्या व्हिलाच्या भिंतीवर कागद नव्हता, एवढाच.

आता सूर्या. एक परिच्छेद फक्त. आदिवासींच्या शेताला पाणी म्हणून धामणीचं धरण बांधलं, आणि आता त्याच नदीवरून वसई-विरार, मिरा-भाईंदरला रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आहे. व्हिलाच्या पाच टँकरांशी याचा काय संबंध, असं विचाराल. आकड्याने काही नाही. सवयीने आहे. या जिल्ह्यातलं पाणी म्हणजे जो उचलून नेईल त्याचं, ही सवय वरून खाली झिरपत आली आहे. पाणी झिरपत नाही, सवय झिरपते. झालं, संपला परिच्छेद.

जव्हार म्हटलं की एके काळी वर्तमानपत्रांना १९९२-९३ चं वावर-वांगणी आठवायचं, कुपोषणाने गेलेली मुलं आठवायची. आता ‘जव्हार’ शोधलं की आधी इन्फिनिटी पूल दिसतो. ही प्रगती आहे असं पर्यटनवाले सांगतील, आणि अगदीच खोटं नाही ते. दादांना महिन्याचा पगार मिळतो, त्यांच्या घरातल्या वहिनींच्या भाकरीला पाहुणे मोजून पैसे देतात. पर्यटक नकोच असं म्हणणारा मी कोण? मीही सोळा माणसं घेऊन गेलो होतोच.

पण जुन्या हवापालटवाल्यांना आपण कुठलं पाणी पितो हे माहीत असायचं. माथेरानला बंगला घेऊन राहणारी कुटुंबं स्टोव्ह, वळकट्या, लोणच्याची बरणी घेऊन जात, आणि संध्याकाळी शार्लट लेकवर फिरायला जात. ज्या तळ्याकाठी फिरायचं तेच पाणी घरी प्यायचं. जव्हार शहरही जयसागर धरणाचं पाणी पितं, राजवाडा पाहून झाला की तिथे जाऊन उभं राहता येतं. व्हिलात मात्र पाणी पहाटे येतं, पाहुणे उठायच्या आत. आम्हाला ते दिसलं ते आई पाचला उठते म्हणून.

तेव्हा यंदाच्या सुट्टीत बुकिंग करताना वायफाय, जनरेटर, जैन जेवण सगळं विचारा, आणि त्यानंतर एक प्रश्न: पाणी कुठून येतं? मालक अडखळला, ‘पाण्याची काही अडचण नाही सर’ म्हणाला, तर समजा की अडचण आहे, फक्त तुमची नाही. जो ‘विहीर आहे, मे महिन्यात आटते, पूल तेव्हा रिकामा ठेवतो’ असं सांगेल, त्याचं घर घ्या. भिंत पांढरी नसली तरी घ्या. असे लोक डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत, केळव्यात, खुद्द जव्हारच्या पाड्यांवर आहेत. मला दोन माहीत आहेत, पण नावं छापली तर पुढच्या शनिवारी त्यांच्याही दारात टँकर उभा राहील.

ता. क. लेख पाठवता पाठवता डिपॉझिट आलं. दहा हजारांतले बाराशे कापून. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: जादा पाणी वापर.