फुरसतीचे उद्योग : दुसरी कळ कोणाच्या हातीं?

संग्रहाची आवड ही मनुष्यस्वभावांतील एक जुनी वृत्ति आहे. कोणी नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें, कोणी हस्तलिखित पोथ्या. अशा नाना छंदांविषयीं या सदरांत आम्हीं वेळोवेळीं लिहीत आलों आहों. या खेपेस ज्या छंदाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचा आमचा विचार आहे, तो आपल्याकडे फारसा परिचित नाहीं. आणि प्रथम ऐकतांना कित्येक प्रौढ गृहस्थांस तो निव्वळ पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. विजेवर धांवणाऱ्या चिमुकल्या शर्यती मोटारींचे जे संच साठ-सत्तर वर्षांपूर्वीं इंग्लंड, अमेरिका, जर्मनी या देशांत निघाले, ते हुडकून काढणारे, दुरुस्त करणारे व जिवापाड जपणारे लोक आज पुष्कळ आहेत. नातवंडें झालेले सद्गृहस्थ एका खेळण्यासाठीं हजारों रुपये कां वेंचतात, हा प्रश्न हंसून सोडून देण्यासारखा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्याकरितां त्याची रचना थोडक्यांत सांगतों. जमिनीवर किंवा मेजावर तुकडे जोडून एक वळणावळणाचा बंदिस्त मार्ग करावयाचा. त्यांत दोन समांतर खांचा असतात. प्रत्येक खांचेच्या दोन्ही अंगांस धातूची एकेक पट्टी असते. एकींतून वीज येते व दुसरींतून परत जाते. मोटारीच्या पोटाखालीं एक खुंटी असते, ती खांचेंत बसते. आणि खुंटीच्या दोहों बाजूंस बारीक तारांचे कुंचे असतात, ते पट्ट्यांस घासत जातात. त्यांतून वीज आंतील लहानशा यंत्रास पोंचते व चाकें फिरूं लागतात. खेळणाऱ्याच्या हातीं एक कळ असते. ती जितकी दाबावी तितका वेग वाढतो. मोटार वळविण्याचें काम खांच करते. वेग किती ठेवावा, एवढा एकच निर्णय मनुष्याकडे राहतो. परंतु तो एकच निर्णय पुरेसा कठीण आहे. सरळ वाटेवर कोणीही शूर! वळणाशीं हात आवरला नाहीं, कीं मोटार खांचेंतून उसळून बाहेर पडते, आणि प्रतिपक्षी शांतपणें पुढें निघून जातो. वेळेवर बोट सैल सोडण्याची ही विद्या शाळेंत शिकवितां आली असती तर किती बरें झालें असतें, असें आमच्या मास्तरी मनांत सहज येऊन गेलें.

आतां थोडा इतिहास. विजेच्या खेळमोटारींचा पहिला प्रयत्न पुष्कळ जुना आहे. खेळण्यांतील आगगाड्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेंतील लायोनेल कंपनीनें १९१२ सालींच अशा मोटारी विकावयास काढल्या होत्या. पण थोड्याच वर्षांत तो उद्योग मावळला. खेळ खरा रुजला तो इंग्लंडांत. फ्रेड फ्रान्सिस या गृहस्थानें मिनिमॉडेल्स नांवाची कंपनी काढली होती. १९५२ सालीं तिनें ‘स्केलेक्स’ या नांवानें पत्र्याच्या चावीच्या मोटारी बाजारांत आणल्या. आरंभीं त्यांचा खप उत्तम झाला. परंतु चावीची मोटार एकदां हातांतून सुटली कीं तिजवर खेळणाऱ्याची सत्ता उरत नाहीं, आणि जेथें सत्ता नाहीं तेथें मुलांचें मन फार काळ रमत नाहीं. खप उतरूं लागला. तेव्हां फ्रान्सिसनें त्याच पत्र्याच्या मोटारींत विजेचें यंत्र बसविलें, रबराचा खांचांचा मार्ग तयार केला, आणि ‘स्केलेक्स’ व ‘इलेक्ट्रिक’ या दोन शब्दांचा संधि करून ‘स्केलेक्स्ट्रिक’ असें नांव ठेविलें. हा संधि कोणत्याही व्याकरणांत बसावयाचा नाहीं. पण बाजारास तो मान्य झाला! जानेवारी १९५७ मध्यें हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनांत हा संच प्रथम मांडला गेला. मागणी पुरी करणें त्या लहान कारखान्याच्या शक्तीबाहेर गेलें, आणि १९५८ सालीं फ्रान्सिसनें आपली कंपनी लाइन्स ब्रदर्स या मोठ्या खेळणेंकारांस विकली. १९६० पासून पत्रा मागें पडून प्लॅस्टिक आलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत ऑरोरा कंपनीनें बोटभर लांबीच्या मोटारी आणल्या. १९६३ सालीं जर्मनींत ‘कॅरेरा’ निघाली. लाइन्स ब्रदर्स ही कंपनी १९७१ सालीं डबघाईस येऊन कोसळली. खेळाचें नांव मात्र टिकलें.

संग्राहकाचें शास्त्र या इतिहासावरच उभें आहे. मोटार पत्र्याची कीं प्लॅस्टिकची, मार्ग रबराचा कीं प्लॅस्टिकचा, पोटाखालीं खुंटी आहे कीं अगदीं आरंभींच्या मोटारींप्रमाणें लहानसें फिरतें चाक आहे, कळ वेग कमीजास्त करणारी आहे कीं पहिल्या संचांप्रमाणें केवळ चालू-बंद करणारी आहे, या खुणांवरून जाणता मनुष्य संचाचें वय सांगतो. पोथीच्या कागदावरून व अक्षराच्या वळणावरून शास्त्रीबोवा तिचा काळ ठरवीत, त्यांतलाच हा प्रकार. पुढें पाहावयाचें तें शाबूतपण. चालकाचें डोकें, पुढची कांच, आरसे, धूर सोडण्याच्या नळ्या हे नाजूक भाग मुलांच्या हातून प्रथम जातात. तसेच नवे भाग करून विकणारे कारागीर आहेत, व त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र नवा भाग घालून मोटार मुळची म्हणून विकणें ही फसवणूक होय. खोक्याचेंही महत्त्व मोठें. मुलांनीं पहिल्याच दिवशीं फाडून टाकलेल्या त्या पुठ्ठ्यामुळें आज संचाची किंमत कितीतरी चढते. कारण मोटारी पुष्कळ उरल्या, खोकीं थोडीं उरलीं.

येथवर सर्व ठीक. परंतु या छंदाच्या पोटांत एक पेंच आहे, आणि तो आम्हांस एका आप्ताच्या घरीं दिसला.

आमचे एक मावसबंधु लहानपणापासून इंग्लंडांत वाढले. त्यांचे वडील तेथें डॉक्टर होते. १९७० च्या नाताळांत त्यांनीं आपल्या दोन मुलांमिळून असा एक संच आणला. त्यांतील थोरले ते आमचे हे बंधु. निवृत्त झाल्यावर ते पुण्यास येऊन राहिले, आणि येतांना अडतीस संच बरोबर घेऊन आले. भिंतभर कांचेचें कपाट, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, आंत ओलावा शोषणाऱ्या पुड्या, कपाटास कुलूप. नातवंडांस लांबून पाहण्याची मोकळीक. वहिनी आम्हांस एकदां म्हणाल्या, “भावजी, आमच्याकडे देवघराला कुलूप नाहीं, पण खेळण्यांना आहे.”

बंधूंनीं मोठ्या उमेदीनें एकेक खोकें आम्हांस उघडून दाखविलें. शेवटीं खालच्या फळीवरचें, कोपरे झिजलेलें, दोरीनें बांधलेलें एक खोकें निघालें. तोच १९७० चा संच. बाजारांत त्याला विशेष मोल नाहीं, असें ते स्वतःच म्हणाले. त्यांतील दोन कळांपैकीं एक बोटांनीं गुळगुळीत झालेली होती.

“ही तुझी दिसते,” आम्ही म्हणालों. “आणि दुसरी कोणाच्या हातीं असे?”

“धाकट्याच्या.”

एवढेंच बोलून त्यांनीं खोकें बंद केलें. कारण आम्हांस ठाऊक होतें. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून दोघां भावांत पांच वर्षें बोलणें नव्हतें. अडतीस संच, म्हणजे शहात्तर कळा. आणि त्या घरांत दुसरी कळ धरावयास मनुष्य नव्हता!

संस्कृत नाटकांत एका खेळण्यानें मोठें महत्त्वाचें काम केलें आहे, तें येथें आठवतें. ‘मृच्छकटिक’ या नाटकाचें नांवच मातीच्या गाडीवरून पडलें. देवलांच्या संगीत नाटकामुळें ती कथा महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचली आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठीं रडतो. दासी त्यास मातीची गाडी करून देते. आणि वसंतसेना कळवळून आपले अलंकार त्या मातीच्या गाडींत भरते, कीं यांची तूं सोन्याची गाडी कर. हेतु किती निर्मळ! परंतु पुढें न्यायसभेंत तेच अलंकार चारुदत्ताविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहतात. आम्ही यांतून असा बोध घेतों कीं, खेळण्यावर मोल चढविलें म्हणजे तें खेळण्याच्या कामीं येत नाहीं. आणि त्या मोलाचें ओझें कोणाच्या मानेवर पडेल, याचा नेम नसतो.

याचा अर्थ संग्रह करूं नये असा कोणी काढील तर तो आमचा नव्हे. १९५७ चा पत्र्याचा संच शाबूत राहिला असेल तर तो नातवंडांच्या हातीं देऊन मोडावा, असें आम्ही म्हणणार नाहीं. कोणीतरी जपलें म्हणूनच जुन्या वस्तु पुढील पिढ्यांस पाहावयास मिळतात. परंतु नाणें एकट्यास हातांत घेऊन पाहतां येतें, पोथी एकट्यास वाचतां येते. हें खेळणें मुळांतच दोघांसाठीं घडविलें आहे. दोन खांचा, दोन कळा. एकट्यानें चालविली तर ती नुसती फिरणारी मोटार, शर्यत नव्हे.

गेल्या वर्षीं मातोश्रींच्या वर्षश्राद्धास धाकटे बंधु आले. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीं पाऊस लागला होता, मुलें घरांत कोंडलीं होतीं, आणि नातवांनीं हट्ट धरला. थोरल्यांनीं तें झिजलेलें खोकें खालीं घेतलें. पट्ट्या पुसल्या, नवा ट्रान्सफॉर्मर जोडला. एक कळ स्वतः घेतली व दुसरी कांहीं न बोलतां जमिनीवर ठेवली. ती धाकट्यांनीं उचलली. दुसऱ्याच फेऱ्यांत थोरल्यांची मोटार वळणावर उसळून कपाटाखालीं गेली. लहानपणीं त्यांच्या घरीं अशी रीत होती कीं, मोटार कोणाचीही पडो, जो जवळ असेल त्यानें ती उचलून खांचेंत ठेवावी, व तोंवर दुसऱ्यानें थांबावें. धाकट्यांनीं आपली कळ सोडली, वांकून ती मोटार काढली, कुंचे बोटानें सारखे केले आणि ती खांचेंत बसवून दिली. घराचा प्रश्न त्या दिवशीं सुटला नाहीं. तो अद्याप वकिलांकडेच आहे. मात्र धाकट्यांस विमानतळावर पोंचवावयास थोरले स्वतः गेले, एवढें आम्हांस वहिनींकडून कळलें.

या छंदाकडे ज्यांचें मन ओढ घेईल, त्यांस व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून पुरे करतों. पहिली गोष्ट विजेची. जुना ट्रान्सफॉर्मर केवळ पाहण्यासाठीं ठेवावा. त्याच्या तारांवरील वेष्टण कालांतरानें तडकतें, आणि तेथें जीवाशीं गांठ असते. अमेरिकेंतील संचाचा ट्रान्सफॉर्मर तर आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेस कधींही जोडूं नये. तो तिकडील सुमारें १२० व्होल्टसाठीं केलेला असतो. मोटारीस किती व्होल्ट लागतात तें आधीं पाहावें. स्केलेक्स्ट्रिकच्या मोटारी १२ व्होल्टवर चालतात. तेवढ्याच शक्तीचा नवा, खात्रीचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. कोंकणांत व पावसाळ्यांत सर्वत्र पत्र्यास गंज चढतो, मार्गाच्या पट्ट्या काळवंडतात व रबरी धांवा कडक होऊन तडकतात. वस्तु कोरडी ठेवावी, वर्षांतून दोनदां बाहेर काढून पुसावी, आणि धांवांवर वजन पडणार नाहीं अशी ठेवावी. तिसरी गोष्ट हिशेबाची. प्रत्येक वस्तु कोठून आली, तींत नवें काय घातलें, तिची किंमत काय, हें एका वहींत लिहून ठेवावें. आपल्या पश्चात् मुलें एक तर तें रद्दीवाल्यास देतील, नाहीं तर त्यावरून भांडतील. वही असली तर दोन्ही टळण्याचा संभव आहे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी, व म्हणूनच राहून जाणारी. संग्रहांत कितीही मोलाच्या वस्तु असोत, एक संच कुलुपाबाहेर ठेवावा. तो साधा असावा, थोडा मोडका असला तरी चालेल. आणि त्याची दुसरी कळ कोणाच्या हातीं द्यावयाची, याचा विचार संच विकत घेण्यापूर्वींच करावा.