शब्दांची गंमत : मुंगूस गेलं साता समुद्रापार

बालमित्रांनो, मेढ्याला वेण्णेकाठच्या एखाद्या बांधावरून झुबकेदार शेपटीचं मुंगूस सर्रकन पळालं, तर त्याला इंग्रजीत काय म्हणाल? ‘मंगूस’! काय हो, आपला शब्द इंग्रजीसारखा कसा? अहो, उलटं आहे. इंग्रजी शब्दच आपल्यासारखा आहे, कारण तो मराठीतून तिकडे गेला!

जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर शिवाजी महाराजांच्या काळात मुंबईला राहिला, जुन्नरलाही जाऊन आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापलं गेलं. त्यात हा प्राणी याच नावानं भेटतो. पुढे १८९४ मध्ये किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला रिकी-टिकी-टावी हा मंगूस तर जगभरच्या मुलांचा लाडका झाला. कानडीतला ‘मुंगुसी’ आणि तेलुगूतला ‘मुंगिसा’ ही आपल्या शब्दाची भावंडं बरं का!

आता परीक्षेतली एक मेख. ‘गूस’चं अनेकवचन ‘गीस’. म्हणून ‘मंगूस’चं ‘मंगीस’ होईल का? मुळीच नाही! ‘मंगूसेस’ असं लिहायचं. शेवटी ‘गूस’ ऐकू येत असलं, तरी त्या इंग्रजी पक्ष्याशी मुंगसाचं काडीचंही नातं नाही. शब्दाचं मूळ गाव ठाऊक असलं, की स्पेलिंगही चुकत नाही.

तेव्हा आजीच्या तोंडच्या शब्दाला कुणी ‘गावठी’ म्हणून हसलं, तर त्याला ही मुंगसाची गोष्ट जरूर सांगा!