मला काय धाड भरलीय?

कर्वेनगरात सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींपुढे प्रकृतीचा विषय काढावा, की एक दाखला हमखास मिळतो. अण्णा कर्वे हिंगण्याहून फर्ग्युसनला शिकवायला पायी जात आणि 104 वर्षे जगले! दाखला खरा आहे. 1858 साली जन्मलेले अण्णा 1962 साली गेले. पण आपण अर्धा तास चालतो आणि उरलेला दिवस खुर्चीत काढतो, एवढे सोयीस्करपणे विसरले जाते.

घरातले चित्र तर आणखी मजेशीर. स्कूटरच्या सर्व्हिसिंगची तारीख या गृहस्थांना पाठ, पीयूसीचा कागद डिकीत तयार. आईच्या, बायकोच्या, मुलांच्या तपासण्यांची फाईलही तेच सांभाळतात. स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, असे विचारले की मात्र 'मला काय धाड भरलीय?' याला बेफिकिरी म्हणण्याची पद्धत आहे. मला ती भीती वाटते. काही निघालेच तर घराचे हप्ते कोण भरणार, मुलीच्या शिक्षणाचे काय, ही भीती. बोलून दाखवायची सोय नसते, म्हणून ती गुरगुरते.

अडचण अशी, की वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच बोलत नाही. मधुमेहही कित्येकदा वर्षानुवर्षे गुपचूप बसतो. तेव्हा 'मला काही त्रास नाही' हा पुरावा इथे कामाचा नाही.

सरकारलाही पुरुष जरा उशिराच आठवले. 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही बायकांच्या तपासणीची मोहीम 2022 च्या नवरात्रात सुरू झाली. अठरा वर्षांवरील पुरुषांसाठी 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे' आली ती सप्टेंबर 2023 मध्ये. मोहिमा येतात नि जातात. पण तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि तोंडाचा कर्करोग यांची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे, सरकारी आरोग्य केंद्रात तिला पैसे पडत नाहीत.

सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या पॅकेजमागे धावा, असे मुळीच म्हणणे नाही. दंडाला पट्टा, उपाशीपोटी थोडे रक्त, कमरेला टेप. तो 90 सेंटिमीटरच्या पुढे गेला तर सावध व्हावे. तंबाखूवाल्यांनी तोंड उघडून दाखवावे. रक्तदाब 140/90 किंवा साखर 126 दिसली म्हणून हातपाय गाळू नयेत. एका मोजणीवर सहसा शिक्का मारत नाहीत, पुन्हा मोजतात.

आणि वहिनी, डॉक्टरांची वेळ तुम्ही घेऊ नका. तुम्ही घेतलीत, की तो आजार तुमचा होतो आणि गोळ्याही तुम्हालाच मोजाव्या लागतात. फोन त्यांनाच करू द्या.