देवस्थानांची संकेतस्थळे आणि मंददृष्टी भाविक

भोपाळच्या पिपलानी वसाहतीत आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई राहतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांचे यजमान हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात नोकरीस लागले, तेव्हापासून हे गोमंतकीय कुटुंब येथलेच झाले. कुलदैवत मात्र अंत्रुज महालात, आणि तेथवरचा प्रवास आता मावशींच्याने होत नाही. काचबिंदूने त्यांच्या दृष्टीचा घेर चहूंकडून आकसत आणला आहे. मधल्या झरोक्यातून दिसेल तेवढेच त्यांना दिसते. गेल्या श्रावणात एक आंगवण फेडावी म्हणून कुलदेवतेच्या संकेतस्थळावर त्या अभिषेकाची नोंद करावयास बसल्या, आणि सलग तीन दुपारी हार खाऊन उठल्या.

हे कसे घडले ते आम्ही शेजारी बसून पाहिले आहे. केशरी पटावर पिवळी अक्षरे. वर उत्सवाच्या बातम्यांची सरकती पट्टी. नजर ठरते न ठरते तोच वाक्य पळून जाते. सेवांचे दरपत्रक म्हणजे छापील कागदाचे नुसते छायाचित्र. ते मोठे करावे तर आकडे विरघळतात, आणि मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेला त्यात एक अक्षरही सापडत नाही. पान विस्तारले की ‘पुढे’ म्हणणारे बटण पडद्याबाहेर जाते. इतके करून शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचे कोडे. ते सोडवीपर्यंत मुदत संपते आणि सारे पुनश्च पहिल्यापासून.

व्यवस्थापनाकडे विचारणा केली तेव्हा उत्तर आले, ‘घरात कोणी तरुण नाही काय? नातवाकडून भरून घ्या.’ मावशी एवढेच म्हणाल्या, ‘आंगवण म्हजी, नातवाची न्हय.’

आमचा सारा वाद या उत्तराशी आहे. त्यात उद्धटपणा नाही, उलट एक प्रकारचा घरगुती जिव्हाळाच आहे, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. देवापाशी काय मागितले व ते कोणासाठी, हे नातवाला कळू द्यावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या बाईंचा आहे. आपल्या गाभाऱ्यात अंधार असतो. पुजारी आरतीचे निरांजन देवाच्या मुखापाशी उंच धरतो, ते मागे उभ्या असलेल्यालाही मुख दिसावे म्हणून. त्याच देवळाच्या नावाने उभारलेल्या पानावर दिसेल त्याने वाचावे, न दिसेल त्याने दुसऱ्याचा हात धरावा, हा न्याय कोठला?

कोणी म्हणेल, ही दयेची बाब आहे, सवडीने पाहू. नाही. ही कायद्याची बाब आहे. दिव्यांगजनांच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम ‘मंद दृष्टी’ची व्याख्या करतो: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा अधिक नसणे, म्हणजे निरोगी डोळा अठरा मीटरवरून जे ओळखतो ते सहा मीटरवरून ओळखणे, अथवा दृष्टिक्षेत्र चाळीस अंशांहून कमी उरणे. खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी व सोसायटी यांच्या पंक्तीला ‘न्यास’ हा शब्द स्पष्ट घातलेला आहे. आणि सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, ती सेवा सुगम करण्याचे बंधन कलम ४६ घालते. आमचे देवस्थान धार्मिक आहे, दुकान नव्हे, हा बचाव आम्ही एका विश्वस्तांच्या तोंडून ऐकला. दुकान नसेल, पण सेवेचे दर लावून ऑनलाइन पैसे स्वीकारणारा न्यास तर आहे!

दुसरा बचाव वकिली आहे. या अधिनियमाखालील नियम १५ मधील मानके सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात रद्द केली, तेव्हा आता बंधन उरले नाही, असे सांगण्यात येते. निकाल वाचण्याचे कष्ट न घेता केलेला हा युक्तिवाद आहे. तो नियम रद्द झाला तो फार कडक म्हणून नव्हे, तर फार सौम्य म्हणून. अधिनियम सक्तीची भाषा बोलत असता नियमाने नुसत्या शिफारशी कराव्यात, हे न्यायालयास मान्य झाले नाही. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कातच समाविष्ट असल्याचे सांगितले. आणि आमच्या मध्य प्रदेशाने तर यात मान खाली घालावी असा प्रसंग आहे. दृष्टिबाधित व मंददृष्टी उमेदवारांना न्यायाधीश होण्यापासून दूर ठेवणारा येथील न्यायिक सेवेचा नियम ३ मार्च २०२५ रोजी रद्द झाला, तो एका मातेने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रापासून निघालेल्या प्रकरणात. मंददृष्टी मनुष्य न्यायदान करू शकतो, पण अभिषेकाची पावती स्वतः फाडू शकत नाही, असे आपल्याला म्हणावयाचे आहे काय?

या गावात तर मंद दृष्टी ही केवळ वार्धक्याची गोष्ट नाही. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने पहिला घाव घातला तो लोकांच्या डोळ्यांवर व श्वासावर. अधू डोळ्यांनी अर्ज भरणे व त्यासाठी कोणाची तरी मनधरणी करणे म्हणजे काय, हे भोपाळला शिकवावे लागत नाही.

खर्चाचे कारण तर आम्ही मुळीच ऐकून घेणार नाही. जगभर मान्य असलेल्या मानकाप्रमाणे साधा मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे. पांढऱ्यावर काळे लिहिले तर ते एकवीसास एक होते. केशरीवरचे पिवळे दोनापर्यंतही पोहोचत नाही. रंग बदलण्यास पैसा पडत नाही. दरपत्रकाचे छायाचित्र काढून तेथे साधा मजकूर घालणे हे एका दुपारचे काम आहे. मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडू नये, एवढे संकेतस्थळ बनविणाऱ्याकडून कराराच्या वेळीच लिहून घ्यावे. (बारीक टाइपाच्या पापात आम्ही वकीलही वाटेकरी आहोत, हे कबूल, आमच्या नोटिसा कोणी सुखाने वाचल्याचे ऐकिवात नाही.)

देवस्थानांच्या समित्यांकडे आमचे मागणे एकच आहे. पुढच्या वार्षिक सभेपूर्वी पंचाहत्तरी ओलांडलेल्या, डोळे अधू झालेल्या एखाद्या महाजनास वा त्यांच्या पत्नीस बोलवावे, संगणकासमोर बसवावे, एक सेवा नोंदवावयास सांगावी, आणि विश्वस्तांनी हात न लावता, मध्ये न बोलता, शेवटपर्यंत पाहत राहावे. जे दिसेल ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे. मावशींनी यासाठी आपले नाव आम्हांपाशी देऊन ठेवले आहे. त्यांची श्रावणातली सेवा अद्याप नोंदली गेलेली नाही.