उभी गाडी, चालू बोंब

रात्री दोन-अडीचला सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीचा अलार्म वाजायला लागला की तुम्ही काय करता? खरं सांगा हं. "चोर आला असेल, चला बघू" म्हणत कोणी काठी घेऊन जिना उतरलंय, हे मी तरी अजून पाहिलेलं नाही. आपण कूस बदलतो, उशी कानावर दाबतो आणि गाडीच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. थोड्या वेळाने आवाज थांबतो. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा सुरू... च्यायला!

तर मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो. जी गाडी महिनोन्महिने जागची हलणार नाही, तिचा अलार्म चालू ठेवून मालकाने परगावी किंवा परदेशी निघून जाणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. त्याने चोर पळत नाही, गाडी वाचत नाही, आणि बॅटरीचं मात्र वाटोळं होतं. सगळ्यात जास्त भोगावं लागतं ते मागे राहिलेल्या घरच्या माणसांना.

मुळात बंद गाडी पूर्ण बंद नसतेच. किल्ली काढली, दार लॉक केलं, तरी आत बरंच काही जागं असतं. घड्याळ चालतं, रिमोटचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर कान टवकारून बसलेला असतो, डॅशबोर्डवरचा लाल एलईडी लुकलुकत असतो, इंजिनचं कंट्रोल युनिट आपली मेमरी सांभाळत असतं. हे सगळं मिळून धडधाकट गाडीतसुद्धा साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट सतत खातं. आकडा किरकोळ वाटतो ना? मग गुणाकार करा. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, महिन्याला जवळजवळ २२. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरच्या आसपास. म्हणजे महिन्याभरात निम्म्याहून जास्त खलास! वर लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप थोडी थोडी उतरते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात जरा जास्तच वेगाने. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, गाड्या दोन-दोन महिने उभ्या राहिल्या आणि नंतर जो तो जंप स्टार्टची केबल कोणाकडे आहे हे विचारत फिरायला लागला, त्यामागे हाच हिशोब होता.

घरात मल्टीमीटर असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर फुल्ल चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की समजायचं, पेशंट गंभीर आहे. अशी उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर आतल्या प्लेट्सवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. मग कितीही चार्ज करा, पहिली ताकद काही परत येत नाही.

आता अलार्मकडे वळू. अलार्मच्या शॉक सेन्सरला धक्का कळतो, धक्का कोणी दिला ते कळत नाही. चोर, बॉनेटवर उडी मारणारी मांजर, दिवाळीतला सुतळी बॉम्ब आणि रस्त्यावरून जाणारा वाळूचा ट्रक, त्याच्या लेखी सगळे सारखेच. त्यात बॅटरी उतरली की नवीन भानगड. काही अलार्म असे असतात की व्होल्टेज पडलं म्हणजे कोणीतरी दार उघडलं, आतला दिवा लागला, असं समजून बोंबलतात. काहींच्या सायरनला स्वतःची छोटी बॅटरी असते. चोराने मुख्य बॅटरीची वायर कापली तरी ओरडता यावं म्हणून दिलेली. पण वायर कापली काय किंवा बॅटरी आपल्या मरणाने मेली काय, त्या बिचाऱ्या सायरनला फरक कसा कळणार? थोडक्यात काय, तर न वापरलेल्या गाडीचा अलार्म मध्यरात्री वाजतो तेव्हा बऱ्याचदा गाडी "चोर, चोर" म्हणत नसते, "भूक, भूक" म्हणत असते.

आमच्याच सोसायटीतलं उदाहरण घ्या. दुसऱ्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. मुलगा प्रोजेक्टवर अमेरिकेत. त्याची गाडी इथे, आणि काकांनी उभ्या आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नाही. गाडीचा अलार्म कुठल्याशा ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतलेला. एका आठवड्यात तीन रात्री तो वाजला. तिन्ही रात्री काका बंडीवर खाली आले, गाडीसमोर उभे राहून रिमोटचं बटण दाबत राहिले आणि वरच्या गॅलऱ्यांमधून लोक "अहो, बंद करा की हो" म्हणून ओरडत राहिले. रिमोटमध्ये काही बिघाड नव्हता. ऐकणाऱ्या गाडीतच पुरेसा जीव उरला नव्हता.

तिसऱ्या रात्री काकांनी माझी बेल वाजवली. "अरे, तू इंजिनिअर ना? जरा बघतोस का?" आता सॉफ्टवेअरवाल्याला गाडीतलं काय कळणार हा प्रश्न वेगळा. (इंजिनिअर म्हटलं की मिक्सरपासून लिफ्टपर्यंत सगळं आलं, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे.) पण इथे फार काही कळायची गरजही नव्हती. धातूच्या किल्लीने ड्रायव्हरचं दार उघडलं, किल्ली इग्निशनमध्ये घालून फिरवली, बोंब थांबली. मग बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांसाठी सत्तरीच्या माणसाने तीन रात्री अख्ख्या सोसायटीची बोलणी खाल्ली. त्यानंतर कित्येक दिवस काका संध्याकाळी कट्ट्यावर फिरकले नाहीत. बॅटरी काय, नवीन मिळते. कट्टा कुठून आणायचा?

मुलगा काही वाईट नाही हो. तो फोनवर सांगत असे, "बाबा, दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवत जा." काका इमानेइतबारे ते करतही होते. पण हा सल्ला, जो आपण सगळेच एकमेकांना देतो, गणितात बसत नाही. आठवड्यात गेले साधारण ५ अँपिअर-अवर. ते पाच मिनिटांत भरून काढायचे तर सलग ६० अँपिअर बॅटरीत गेले पाहिजेत. आयडलवर गुरगुरणाऱ्या छोट्या गाडीकडून ते होत नाही, आणि झालं तरी बॅटरी इतक्या भराभर चार्ज घेत नाही. म्हणजे दर रविवारी थोडं भरायचं, आठवडाभर जास्त सांडायचं. गाडी खरंच जिवंत ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा. ते जमणार नसेल तर वायर सोडवा, किंवा पार्किंगमध्ये प्लग असेल तर आपोआप चार्ज सांभाळणारा छोटा चार्जर लावून ठेवा. आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही दारं, दिवे आणि कंट्रोल युनिटांसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असतेच.

वायर सोडवताना एकच पथ्य. आधी निगेटिव्ह. जोडताना ती सगळ्यात शेवटी. कारण निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्ह खोलायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्ट सर्किट! सायरनला स्वतःची बॅटरी असेल तर वायर काढल्यावर तो आणखी जोरात बोंबलू शकतो, त्यामुळे आधी गाडीचं मॅन्युअल वाचा किंवा मेकॅनिकला विचारा. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत रेडिओ कोड मागेल. एवढंच.

"पण मग चोरी झाली तर?" हा प्रश्न हमखास येतो. एक म्हणजे इमोबिलायझर आणि अलार्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देण्याचं काम इमोबिलायझर करतो, आणि तो ते गुपचूप करतो. दुसरं, जिची बॅटरीच सोडवलेली आहे ती गाडी चोर तरी कशी सुरू करणार? येताना बॅटरी बरोबर घेऊन येईल? आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पहिलीत शिकलो. दहा वेळा मांजरीसाठी वाजलेला अलार्म अकराव्यांदा खऱ्या चोरासाठी वाजला, तर खाली कोण येणार आहे?

आमच्या धंद्यात ही गोष्ट रोजची आहे. सर्व्हर बिघडला की अलर्ट येतो, आणि तो अलर्ट कोणाच्या फोनवर जाणार हे आधी ठरवलेलं असतं. ज्या अलर्टला उत्तर द्यायला माणूसच नेमलेला नाही, तो सरळ काढून टाकतात, कारण त्याने लोकांची बाकीच्या अलर्टकडेही दुर्लक्ष करायची सवय वाढते. गाडीच्या अलार्मला वेगळा न्याय का? ज्याला उठून यायचंय तो सातासमुद्रापार, आणि हाक मात्र इथे!

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. २०१० च्या दुरुस्तीने तर अशा भागात रात्री आणीबाणी सोडून हॉर्न वाजवायलाही मनाई आहे. पण कायद्याचा बडगा दाखवून शेजारधर्म टिकत नाही. त्यापेक्षा सोसायट्यांनी एक साधी गोष्ट करावी. तीन आठवड्यांहून जास्त बाहेर जाणाऱ्याने गाडीची किल्ली कोणाकडे आहे आणि बॅटरी सोडवलेली आहे की नाही, एवढ्या दोन ओळी वॉचमनच्या वहीत लिहून जायचं. आणि किल्ली अशा माणसाकडे द्यायची ज्याला बॉनेट उघडता येतं. आईवडिलांना गाडी दाखवायला ठेवा, गाडीची नोकरी त्यांच्या गळ्यात मारू नका.

सरळ विकून का टाकत नाहीत, असंही कोणी म्हणेल. मीही काकूंना तेच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "असू दे रे. ती खाली उभी दिसली की वाटतं, तो येणारे." यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असायची गरजही नाही. अशा गाड्या गावोगावच्या सोसायट्यांमध्ये धूळ खात उभ्या आहेत. असोत बापड्या. फक्त विमानतळावर जायच्या आधी, बॅगा भरून झाल्या की, दहा नंबरचा पाना घेऊन पाच मिनिटं खाली जाऊन या.