‘कू’ची गर्दी आणि आपला गल्ला

दिवाळीच्या सुमारास दुर्गदबैलावरून जाणाऱ्या परक्या माणसास तेथील गर्दी पाहून असे वाटावे की, येथील प्रत्येक दुकानदार या चार दिवसांतच वर्षाची कमाई करून मोकळा होत असेल. परंतु पाहणारे किती आणि घेणारे किती, हे रात्री गल्ला मोजणारासच ठाऊक असते. हा भेद आपल्या घरांतून मुलांना लहानपणीच शिकविला जातो. आपल्याच राज्याच्या राजधानीत, अत्यंत हुशार माणसांनी उभारलेल्या एका उद्योगात मात्र तो विसरला गेला, असे आमचे मत आहे. आणि त्या उद्योगाचा जमाखर्च सभासद-बंधूंपुढे मांडावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

हा उद्योग म्हणजे ‘कू’. श्री. अप्रमेय राधाकृष्ण व श्री. मयंक बिदावतका यांनी बेंगळूर येथे २०२० च्या आरंभी तो सुरू केला. संस्थापक नवखे नव्हते. श्री. राधाकृष्ण यांनी पूर्वी भाड्याच्या मोटारींचा ‘टॅक्सीफॉरशुअर’ हा व्यवसाय वाढवून २०१५ मध्ये ‘ओला’ कंपनीस विकला होता. ‘ट्विटर’प्रमाणेच चार ओळींत आपले म्हणणे जगापुढे मांडण्याची सोय ‘कू’ने केली, पण आपापल्या भाषेत. प्रथम कन्नड आली, मागाहून हिंदी, तेलुगू, तमिळ, मराठी इत्यादी भाषा आल्या. दुकानात कन्नड, माजघरात मराठी अथवा मारवाडी आणि सरकारी कागदांत इंग्रजी अशा तीन दरडींवर पाय ठेवून जगणाऱ्या हुबळी-धारवाडच्या माणसास या कल्पनेचे मोल निराळे सांगावयास नको. कल्पना चांगली होती, गरज खरी होती, आणि ती गरज आजही भागलेली नाही.

मग बिनसले कोठे?

फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या काळात काही खाती बंद करण्यावरून केंद्र सरकार व ट्विटर यांच्यात वाद जुंपला. केंद्रीय मंत्री श्री. पियुष गोयल यांनी आपण ‘कू’वर आल्याचे जाहीर केले; मागोमाग मंत्री, खाती, कलावंत व त्यांचे चाहते अशी रीघ लागली. त्याच महिन्यात एका फ्रेंच संशोधकाने सभासदांची खासगी माहिती येथे उघडी पडत असल्याचा आक्षेप घेतला, व कंपनीस खुलासे करावे लागले. मे महिन्यात ‘टायगर ग्लोबल’ या अमेरिकन पेढीच्या पुढाकाराने तीन कोटी डॉलरचे भांडवल आले. जूनमध्ये नायजेरियाच्या सरकारने ट्विटरवर बंदी घातली आणि स्वतःचे खाते ‘कू’वर उघडले. पुढे २०२२ च्या अखेरीस श्री. इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जो गोंधळ माजला, त्यात ब्राझीलचे लोक लाखोंनी येथे आले. त्यांना ओढून आणण्यात पोर्तुगीज भाषेत ‘कू’ हा उच्चार एका ग्राम्य शब्दासारखा असल्याच्या थट्टेचाही मोठा वाटा होता. (दुकानाच्या नावावर हसता हसता इतके लोक आत शिरल्याचे दुसरे उदाहरण आम्हास आठवत नाही.)

यातील प्रत्येक लोंढा शेजारच्या दुकानातील भांडणामुळे आला होता. शेजाऱ्याचे भांडण मिटले, की असा माणूस आपल्या जुन्या ओट्यावर परत जातो. ती गर्दी म्हणजे जांगड नेलेला माल. पसंत पडेपर्यंत तो विकला गेला असे कोणताही शहाणा व्यापारी वहीत लिहीत नाही. येथे मात्र तो विक्रीच्या रकान्यात धरून त्यावर पुढील भांडवल मागितले गेले.

संस्थापकांचे म्हणणे न मांडणे अन्यायाचे होईल. २०२२ नंतर जगभर पैसा महागला, गुंतवणारांनी हात आखडले. असा उद्योग रुजण्यास पाच-सहा वर्षे धीराने थांबणारे भांडवल लागते व ते मिळाले नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. यात तथ्य आहे. फेसबुक २००४ साली सुरू झाले आणि २००९ मध्ये कोठे खर्च भागविण्याइतकी रोकड मिळवू लागले. ट्विटरने तर वर्षाचा पहिला नफा २०१८ मध्ये दाखविला. अमेरिकेत जो धीर धरला जातो तो येथे का धरला जाऊ नये, हा प्रश्न रास्तच आहे. तथापि फेसबुकने जाहिराती घेण्यास आरंभापासूनच सुरुवात केली होती. गिऱ्हाइकाकडून पहिला रुपया कधी व कसा घ्यावयाचा हे ठरण्यापूर्वीच परदेशांत शाखा उघडणे हा धीराचा नव्हे, घाईचा मार्ग होय. २०२३ मध्ये नोकरवर्गात मोठी कपात झाली, विक्रीची बोलणी फिसकटली, आणि जुलै २०२४ मध्ये ‘कू’ बंद होत असल्याचे जाहीर झाले.

आपल्या घरांतील काही तरुण असल्याच उद्योगांत वडिलार्जित पैसा घालू इच्छितात. त्यांना नाही म्हणू नये. मात्र लोक किती येतात एवढेच न विचारता, फुकट मिळणे थांबल्यावर किती राहतील, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. ‘कू’ मिटले तेव्हा तेथे तीन-चार वर्षे खपून कन्नडात वा मराठीत वाचक जोडणाऱ्यांची ती ओळखपाळखही मिटली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ‘ऑर्कुट’ बंद झाले तेव्हाही असेच झाले होते. आज आपल्यापैकी कित्येकांच्या मागण्या, नमुन्यांची छायाचित्रे, फार काय गिऱ्हाइकांची नावेदेखील परक्याच्या जागेत पडून आहेत. आमच्या नात्यातील एका तरुणाचे साड्यांच्या विक्रीचे खाते अशाच एका संकेतस्थळाने गेल्या श्रावणात कारण न सांगता पंधरा दिवस बंद ठेवले. दाद मागावी कोणाकडे, हेच त्यास कळेना. शेकडो गिऱ्हाइके होती, पण एकाचाही पत्ता दुकानात नव्हता. शेवटी वडिलांनी कपाटातील जुनी वही काढली आणि तीतील घरांना एकेक करून फोन लावला. त्या सणाची जी विक्री झाली ती त्या वहीवर.

आपल्या संघाचे निरोपही आता भ्रमणध्वनीवरील गटांतूनच जातात. सोय मोठी आहे. ती सोडा असे आम्ही म्हणत नाही. परंतु सर्व सभासदांची नावे, दुकानांचे पत्ते व फोन क्रमांक असलेली यादी संघाच्या दप्तरी कागदावर असावी आणि पुढील स्मरणिकेत छापली जावी, असा विषय कार्यकारिणीने येत्या बैठकीत घ्यावा, ही विनंती. यादी उतरवून घेण्याचे काम आम्ही आनंदाने करू.